पॉइंट गार्ड घ्यायचा की उंच बिग मॅन? एनबीए ड्राफ्टच्या या एका प्रश्नाने सॅक्रामेंटोला कसं झुलवलं

२१ जून २०१८. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एनबीएचा ड्राफ्ट सुरू होता. पहिलं नाव जाहीर झालं आणि दुसरा नंबर आला सॅक्रामेंटो किंग्सचा. समोर दोन पोरं होती. दोघंही १९ वर्षांचे, जन्मतारखांमध्ये अवघ्या दोन आठवड्यांचं अंतर.

एक होता मार्विन बॅगली. उंची सहा फूट अकरा इंच, ड्यूक विद्यापीठाकडून खेळताना सामन्याला सरासरी २१ गुण आणि ११ रिबाउंड. दुसरा स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच. साडेसहा फुटांच्या घरातला, चेंडू हातात ठेवून अख्खा संघ खेळवणारा. महिनाभरापूर्वीच त्याने रेआल माद्रिदसोबत युरोलीग जिंकली होती आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच होता.

सॅक्रामेंटोने बॅगलीचं नाव घेतलं.

आज डॉन्चिचचं नाव जगभर झालंय आणि बॅगली अनेक संघ फिरलाय. त्यामुळे सॅक्रामेंटोला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या रात्री त्यांच्यासमोर जो प्रश्न होता, तो एनबीएमधल्या प्रत्येक संघाला कधी ना कधी पडतोच. खेळवणारा घ्यायचा की उंच घ्यायचा?

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते बघू

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहिती आहे. तिथे ज्याच्या खिशात पैसे, तो बोली लावतो. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, नंबर असतो. कॉलेजमधून किंवा परदेशातून येणाऱ्या नव्या खेळाडूंना ३० संघ आपापल्या नंबरप्रमाणे उचलतात. मागच्या हंगामात प्लेऑफ हुकलेल्या १४ संघांमध्ये वरच्या नंबरांसाठी लॉटरी निघते आणि ज्याची कामगिरी जास्त वाईट, त्याला संधी जास्त. तळाचे संघ कायम तळाशी राहू नयेत, हा त्यामागचा विचार.

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा सुरुवातीचा पगार त्याच्या नंबरावरून ठरतो आणि संघाला त्याला चार वर्षांपर्यंत त्याच करारात ठेवता येतं. म्हणजे निवड बरोबर आली तर तुम्हाला स्वस्तात स्टार मिळतो. चुकली तर चार वर्षं हातची जातात, आणि पुन्हा इतका वरचा नंबर कधी लागेल याची खात्री नसते.

दोघांचं काम काय?

बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच जण मैदानात असतात. पॉइंट गार्ड चेंडू पुढे आणतो, कोण कुठे उभा आहे ते बघतो आणि २४ सेकंदांच्या आत शॉट कुणी, कुठून मारायचा हे ठरवतो. बिग मॅन म्हणजे सेंटर किंवा पॉवर फॉरवर्ड. तो बास्केटजवळ समोरच्याचे शॉट अडवतो, रिबाउंड घेतो आणि आपल्या गार्डला वाट मोकळी करून देतो.

दोघांची मिळून एक ठरलेली चाल असते, पिक अँड रोल. बिग मॅन येऊन गार्डच्या मागे लागलेल्या बचावपटूची वाट अडवतो आणि मग स्वतः बास्केटकडे पळतो. आता समोरच्या संघाने गार्डला धरायचं की बिगला? ही चाल माहिती नाही असा संघ नाही, तरी ती रोज चालते. थोडक्यात, दोघांना एकमेकांशिवाय भागत नाही. पण ड्राफ्टमध्ये तुमचा नंबर आला की नाव एकच घ्यायचं असतं.

मग संघ उंचीकडे का झुकतात?

अमेरिकन बास्केटबॉलमध्ये एक जुनं म्हणणं आहे की खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही. बास्केट दहा फुटांवर असते. सात फुटी माणूस मुळात दुर्मिळ, त्यात तो चपळ असेल तर संघांचे डोळे चमकतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या नंबरवर पंजाबच्या सतनाम सिंगला निवडलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतात जन्मलेला खेळाडू. उंची सात फूट दोन इंच. एनबीएचा सामना त्याला खेळायला मिळाला नाही, पण पंजाबातल्या एका गावातल्या मुलापर्यंत अमेरिकेची नजर पोचली याला त्याची उंची मोठं कारण होती.

गार्डची गोष्ट वेगळी. त्याची खरी ताकद म्हणजे खेळ वाचण्याची नजर, आणि ती फूटपट्टीने मोजता येत नाही. १९ व्या वर्षी तर तो चुकाही भरपूर करतो. त्यामुळे कागदावर बिग मॅन जास्त भरवशाचा वाटतो.

पण उंच शरीराला दुखापतींचा धोकाही असतो. २००७ मध्ये पोर्टलँडने सात फुटी ग्रेग ओडनला पहिल्या नंबरवर घेतलं आणि दुसऱ्या नंबरवर केविन ड्युरांट सिएटलकडे गेला. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ओडन अख्ख्या कारकिर्दीत १०५ सामनेच खेळू शकला. ड्युरांट २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९८४ पासून चालत आलेला धडा

पोर्टलँडला हे नवीन नव्हतं. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा दुसरा नंबर होता. त्यांच्याकडे आदल्या वर्षी निवडलेला क्लाइड ड्रेक्सलर हा दमदार गार्ड होता आणि कमी होती ती सेंटरची. म्हणून त्यांनी सॅम बोवीला घेतलं, जो पायाच्या दुखापतीमुळे कॉलेजचे दोन हंगाम खेळूच शकला नव्हता. तिसऱ्या नंबरवर शिकागोने उचललेल्या गार्डचं नाव होतं मायकल जॉर्डन. पुढे शिकागोने त्याच्यासोबत सहा विजेतेपदं जिंकली.

आता एक गंमत बघा. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर ह्यूस्टननेही जॉर्डनला सोडून सेंटरच घेतला होता. पण ह्यूस्टनला कुणी हसत नाही, कारण तो सेंटर होता हकीम ओलाजुवान आणि त्याने संघाला १९९४ आणि १९९५ अशी दोन विजेतेपदं मिळवून दिली.

म्हणजे पोर्टलँडची चूक ‘सेंटर घेतला’ ही नव्हती. संघातली रिकामी जागा भरायची म्हणून समोरच्या जास्त गुणी खेळाडूला सोडलं, ही होती.

गार्ड घेणारेही फसतात

बिग मॅनवर खापर फोडायचं आणि गार्डवाल्यांना शहाणं म्हणायचं, असंही करता येत नाही. २००९ मध्ये मिनेसोटाकडे लागोपाठ पाचवा आणि सहावा असे दोन नंबर होते. त्यांनी दोन्ही वेळा पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन. सातव्या नंबरवर गोल्डन स्टेटने तिसरा गार्ड उचलला. तो स्टीफन करी. त्याने पुढे चार विजेतेपदं जिंकली आणि लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटवर अख्खा खेळ बदलून टाकला.

मिनेसोटाने जागा बरोबर ओळखली होती, माणूस चुकला.

आता पुन्हा सॅक्रामेंटो

या संघाशी मुंबईचंही नातं आहे. २०१३ मध्ये किंग्स विकत घेणाऱ्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने वरळीच्या डोममध्ये झाले, तेही किंग्स आणि इंडियाना पेसर्स यांच्यातच.

२०१८ ला या संघाची अवस्था बिकट होती. २००६ नंतर प्लेऑफ बघितला नव्हता. त्या वर्षी लॉटरीत नशीब फळफळलं आणि सातव्या जागेवरून ते थेट दुसऱ्या नंबरवर आले. आदल्याच वर्षी त्यांनी डिॲरन फॉक्स हा वेगवान पॉइंट गार्ड घेतला होता. मग चेंडू हातात ठेवणारा आणखी एक कशाला? फॉक्सच्या जोडीला पळणारा बिग मॅन हवा, हे गणित वरवर पाहता बरोबर होतं. निर्णय घेणारे जनरल मॅनेजर व्लादे दिवाच स्वतः सात फुटी सेंटर म्हणून एनबीए गाजवून आलेले होते.

बॅगलीचा पहिला हंगाम वाईट नव्हता, सामन्याला १४.९ गुण. पण दुसऱ्या हंगामात दुखापतींमुळे तो फक्त १३ सामने खेळला आणि गाडी तिथेच अडली. तिकडे डॉन्चिचने २०२० ते २०२४ अशी सलग पाच वर्षं लीगच्या सर्वोत्तम पाच जणांच्या संघात जागा मिळवली आणि २०२४ मध्ये डॅलसला अंतिम फेरीत नेलं. त्या डॅलससाठी बिगची जागा सांभाळत होते डेरेक लाइव्हली आणि डॅनियल गॅफर्ड. एक ड्राफ्टच्या बाराव्या नंबरवर मिळालेला, दुसरा त्याच हंगामात अदलाबदलीत आणलेला. म्हणजे आधी खेळवणारा मिळाला, जोडीदार नंतर शोधले.

इथे गोष्ट संपली असती तर ‘नेहमी गार्डच घ्या’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण सॅक्रामेंटोने २०२० मध्ये बाराव्या नंबरवर टायरीस हॅलिबर्टन हा आणखी एक पॉइंट गार्ड घेतला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला इंडियानाकडे पाठवून बदल्यात डोमांटास सबोनिस हा बिग मॅन आणला. बॅगलीही त्याच आठवड्यात डेट्रॉइटला गेला.

चाहते चिडले. पण पुढच्याच हंगामात किंग्सने ४८ सामने जिंकले. सबोनिस रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला आणि सामन्याला सात असिस्टही देत होता. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायची प्रथा त्याच हंगामात पडली. सलग १६ हंगाम प्लेऑफ हुकण्याचा, म्हणजे एनबीएमधला सगळ्यात मोठा दुष्काळ २०२३ मध्ये संपला. तिथे पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात त्यांना हरवलं ते ५० गुण मारणाऱ्या स्टीफन करीने.

आणि हॅलिबर्टन? त्याने २०२५ मध्ये इंडियानाला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. फॉक्स तोवर सॅन अँटोनियोला गेला होता. म्हणजे ज्याच्यासाठी २०१८ ला डॉन्चिचला नाही म्हटलं, तोही सात वर्षांत निघून गेला.

हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. आजची ‘गरज’ दोन-तीन वर्षांत बदलते. खेळाडू बदलले जातात, प्रशिक्षक जातात, संघाची चाल बदलते. जागा अदलाबदलीतून भरता येते. डॉन्चिचसारखा खेळाडू मात्र दुसऱ्या नंबरवर समोर येण्याची संधी एखाद्या शहराला एका पिढीत एकदाच मिळते.

मग आता हा प्रश्न उरलाय का?

पूर्वीइतका सरळ उरलेला नाही. डेन्व्हरचा निकोला योकिच जवळपास सात फुटी सेंटर आहे, पण संघ खेळवतो पॉइंट गार्डसारखा. २०१४ मध्ये तो ४१ व्या नंबरपर्यंत शिल्लक होता आणि पुढे तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सबोनिसही त्याच जातकुळीचा. तर डॉन्चिच गार्ड असूनही अनेक फॉरवर्डच्या उंचीचा. लांबून शॉट मारणं सगळ्यांनाच लागत असल्याने फक्त बास्केटखाली उभा राहणारा सात फुटी आता पुरत नाही, आणि बचावात सहज गाठला जाणारा छोटा गार्डही महागात पडतो.

म्हणून पुढच्या जूनमध्ये ड्राफ्ट बघाल तेव्हा उंचीचा आकडा थोडा बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा. चेंडू हातात आल्यावर हा पोरगा निर्णय किती लवकर घेतो? त्याच्या शरीराचा दुखापतींचा इतिहास काय? आणि आजचे सहकारी उद्या संघात नसतील, तरी तो तितकाच उपयोगाचा राहील का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर तो गार्ड आहे की बिग मॅन याने फारसा फरक पडत नाही. पोर्टलँड आणि सॅक्रामेंटो, दोघांनाही हे उत्तर नंतर कळलं.