गोळी की बोलणं? पॅनिकच्या इलाजाची गोष्ट

आज सुरुवात माझ्यापासूनच करते.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री मला खात्री पटली की मी मरतेय. छातीत धडधड, हात बधिर, श्वास पुरेना. दादाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," म्हणून घरी पाठवलं. महिन्याभरात असं आणखी चारदा झालं. मग मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं: पॅनिक डिसऑर्डर. आणि घरात वाद पेटला. आई म्हणे, "गोळ्यांची सवय लागेल, नुसतं बोलून ये." दादा म्हणे, "बोलून कुठे आजार बरा होतो?"

गंमत म्हणजे हाच वाद डॉक्टरांमध्येही कित्येक वर्षं चालला होता.

१९५९ च्या सुमाराची गोष्ट. न्यूयॉर्कचं हिलसाइड हॉस्पिटल. इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध तेव्हा नवंकोरं होतं. डोनाल्ड क्लाइन या तरुण डॉक्टरांनी ते भीतीने ग्रासलेल्या काही रुग्णांना देऊन पाहिलं. क्लाइन यांनी नंतर सांगितलेला किस्सा असा: काही आठवडे गेले तरी रुग्ण म्हणतोय, फरक नाही. थेरपिस्ट म्हणतोय, फरक नाही. पण वॉर्डातल्या नर्सेसच्या एक गोष्ट लक्षात आली. "मी मरतोय" म्हणत दिवसातून तीन-चार वेळा त्यांच्याकडे धावत येणारा हा माणूस आता येतच नव्हता! झटके थांबले होते. "पुन्हा झटका आला तर?" ही धास्ती मात्र तशीच होती. यावरून क्लाइन यांनी मांडलं की अचानक येणारा झटका आणि रोजची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८० मध्ये अमेरिकेच्या डीएसएम-३ या निदानग्रंथात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे बघा, या आजाराची वेगळी ओळख पटायला एक गोळी कारणीभूत ठरली.

मग ऑक्सफर्डमधून दुसरी बाजू आली. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी मांडलं की धडधड साधीच असते, आपण तिचा अर्थ "हार्ट अटॅक" असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, की चक्र सुरू. ते तोडायचं कसं? या थेरपीत, म्हणजे सीबीटीत, नुसत्या गप्पा नसतात. थेरपिस्ट तुम्हाला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. तीच चक्कर, तीच धडधड येते, आणि काही न होता निघूनही जाते. शरीराला हे अनुभवानेच कळतं.

मग जिंकलं कोण? २००० साली डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार केंद्रांवर ३१२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. संशोधकांत दोन्ही गटांचे लोक होते. इमिप्रामिन आणि सीबीटी, दोन्ही नकली गोळीपेक्षा सरस ठरले. ज्यांना गोळी लागू पडली त्यांना आराम जास्त चांगला पडला. पण उपचार थांबवल्यावर सहा महिन्यांनी पाहिलं, तर सीबीटीचा परिणाम जास्त टिकला होता. आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा फायदा गोळी बंद झाल्यावर बराच ओसरला.

याचा अर्थ गोळ्या वाईट असा अजिबात नाही. आज इमिप्रामिनऐवजी सहसा सर्ट्रालिनसारख्या गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण त्यांचं व्यसन लागत नाही. आईची भीती खरी ठरते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांबाबत. त्या झटपट काम करतात, पण सवयही लावतात. आणि कुठलीही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. डॉक्टर हळूहळू डोस कमी करतात.

मी काय केलं? आधी सर्ट्रालिन, कारण घराबाहेर पडणंच जमत नव्हतं. मग सीबीटी. पहिल्यांदा जिने धावत चढायला लावलं तेव्हा मी रडले होते. दहाव्यांदा मात्र नुसता दम लागला. गोळी डॉक्टरांनी सावकाश कमी केली. झटका अजूनही कधीतरी डोकावतो, पण आता मी रिक्षा शोधत नाही.

आई आणि दादा, दोघंही म्हणतात, "बघ, मी सांगितलं होतं!"

तुमच्याबाबतीत असं होत असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदय-थायरॉइड तपासून घ्या. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. भेटू पुढच्या भागात!