एका गावात दोन फौजा

साल १९००. तुम्ही प्लेव्ल्या गावच्या बाजारपेठेत उभे आहात. हुसेन पाशाच्या सोळाव्या शतकातल्या मशिदीचा उंच मिनार पाहताना मान अवघडते. डोंगराळ मुलूख, युरोप त्याला नोवी पाझारचा सांजाक, म्हणजे जिल्हा, म्हणतो.

कॉफीच्या दुकानात शिरा. दुकानदार लांब दांड्याचं तांब्याचं भांडं निखाऱ्यांवर ठेवतो, फेस काठाशी आला की चटकन उचलतो आणि बिनकानाच्या इवल्या कपात ओततो. गाळ खाली बसू द्या, मगच घोट घ्या. तेवढ्यात रस्त्याने लाल फेझवाला तुर्की शिपाई जातो, मागोमाग ऑस्ट्रियाचा. लढाई नाही की तह मोडलेला नाही. मुलूख सुलतानाचा, कारभार त्याच्या अंमलदारांचा; १८७८च्या बर्लिन तहाने फौज ठेवायचा हक्क मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीलाही दिला आहे. सूर्य मावळला की इथे तुर्की हिशेबाने बारा वाजतात. परक्या शिपायांना हे पचायला जडच.

व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, इथे एवढा रस का? सर्बिया आणि माँटेनेग्रो यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. ती दोन राज्यं एक झाली तर ऑस्ट्रियाची सालोनिका बंदराकडची वाट बंद. जुन्या काळीही वाटेनेच हा मुलूख जगवला: पंधराव्या शतकात इसा-बेग इसाकोविचने नोवी पाझार वसवलं, ते दुब्रोव्निकहून इस्तंबूलकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मार्गावर.

आता आठ वर्षं पुढे. जानेवारी १९०८: ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री एरेन्थाल सांजाकातून मित्रोवित्सापर्यंत रेल्वे नेण्याचं जाहीर करतात. रशिया भडकतो. ऑक्टोबरात ऑस्ट्रिया आधीच ताब्यात असलेला शेजारचा बोस्निया अधिकृतपणे आपल्या राज्याला जोडतो आणि त्याच सौद्यात इथला फौजेचा हक्क सोडतो. ती रेल्वे कधी झालीच नाही.

ऑक्टोबर १९१२. बाल्कन युद्ध पेटलं आहे; सर्बिया आणि माँटेनेग्रो यांच्या फौजा आत घुसतात. नोवी पाझार सर्बियाकडे, प्लेव्ल्या माँटेनेग्रोकडे. पुढे कितीतरी मुसलमान कुटुंबं घरदार मागे टाकून अनातोलियाची वाट धरतात. १८७८ साली बर्लिनमध्ये निर्णय घेणाऱ्यांत इथला कुणी नव्हता, आणि मला हाच या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

१९१३ साली झालेली ती वाटणी २००६ पासून दोन स्वतंत्र देशांची सीमा आहे. दोन्हीकडचे कितीतरी लोक मात्र आपल्या मुलखाला आजही सांजाकच म्हणतात.