१ जीबी रॅमच्या रास्पबेरी पायवर वायफाय कंट्रोलर: चालतो का, कसा चालवायचा?

घरात एकच राउटर असेल तर फोनवरच्या अ‍ॅपमधून तो सेट केला की काम संपलं. पण होस्टेल, अभ्यासिका किंवा होमस्टेमध्ये चार-पाच अ‍ॅक्सेस पॉइंट लावले असतील, तर प्रत्येकाचा पासवर्ड, चॅनल आणि अपडेट वेगवेगळं सांभाळणं वैतागाचं होतं. त्यासाठी नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर असतं, ज्याला सगळे नुसतं ‘कंट्रोलर’ म्हणतात. युबिक्विटीचं युनिफाय नेटवर्क आणि टीपी-लिंकचं ओमाडा ही त्यातली दोन नेहमीची नावं. दोन्ही फुकट डाउनलोड करून आपल्याच कॉम्प्युटरवर टाकता येतात. पीसी रात्रंदिवस चालू ठेवण्यापेक्षा कमी वीज खाणारा रास्पबेरी पाय बरा, असा विचार बरेच जण करतात. विचार चांगला आहे, पण हाताशी असलेला बोर्ड १ जीबी रॅमचा पाय ३ असेल तर हिशोब नीट करावा लागतो.

रॅम जाते कुठे?

युनिफायचंच उदाहरण घेऊ. ब्राउझरमध्ये ते साधं वेबपेज दिसतं, पण मागे दोन मोठे प्रोग्राम चालतात: एक जावामध्ये लिहिलेलं अ‍ॅप्लिकेशन आणि दुसरा मोंगोडीबी हा डेटाबेस. (ओमाडाची रचनाही अशीच आहे.) जावा प्रोग्राम आपला डेटा ज्या जागेत ठेवतो तिला हीप म्हणतात. युनिफायमध्ये या हीपची कमाल मर्यादा मुळात १०२४ एमबी ठेवलेली असते. मोंगोडीबीच्या कॅशचा नियम असा: एकूण रॅममधून १ जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्मी, किंवा २५६ एमबी, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे आपल्या बोर्डवर २५६ एमबी. वर लिनक्सला स्वतःची जागा हवी, आणि जावालाही थ्रेड, क्लास वगैरेंसाठी हीपच्या बाहेर जागा लागतेच. १ जीबीत हे बसणार कसं?

गंमत म्हणजे सुरुवातीला बसतं. १०२४ एमबी ही मर्यादा आहे, पहिल्याच दिवशी तेवढी रॅम वापरली जात नाही. हीप हळूहळू फुगत जाते आणि रॅम संपली की लिनक्सचा ‘आउट ऑफ मेमरी किलर’ एक मोठा प्रोग्राम निवडून बंद करून टाकतो. बहुतेक वेळा तो जावा किंवा मोंगोडीबीच असतो. तुम्हाला एवढंच दिसतं की ८४४३ पोर्टवरचं पेज उघडत नाही. मग बोर्ड बंद-चालू केला की पुन्हा काही दिवस बरं चालतं, त्यामुळे खरं कारण लक्षातच येत नाही. असं होत असेल तर आधी कर्नलचा लॉग बघा. तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ स्पष्ट दिसते.

उपाय म्हणजे हीपची मर्यादा कमी करणं. युनिफायच्या डेटा फोल्डरमध्ये ‘सिस्टम डॉट प्रॉपर्टीज’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘युनिफाय डॉट एक्सएमएक्स’ची किंमत ५१२ करा (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायचं) आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. मोह झाला तरी २५६ करू नका. हीप फार लहान असेल तर जावाचा गार्बेज कलेक्टर सतत जागा मोकळी करत बसतो, प्रोसेसर तापतो आणि पेज रांगतं. ऑपरेटिंग सिस्टीम डेस्कटॉप नसलेली ‘लाइट’ घ्या. इथे स्क्रीन कोण बघणार आहे?

‘स्वॅप वाढवा’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. गार्बेज कलेक्टर अधूनमधून जवळजवळ सगळी हीप चाळतो, त्यामुळे एसडी कार्डवर गेलेला भाग पुन्हा पुन्हा रॅममध्ये ओढला जातो. सिस्टीम मंदावते आणि कार्डही झिजतं. त्यापेक्षा झेडरॅम वापरा. त्यात स्वॅप रॅममध्येच, पण दाबून ठेवला जातो.

व्हर्जनचा सापळा

मोंगोडीबीने ३.४ पासून ३२-बिटचा सपोर्ट काढला, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम ६४-बिटच लागते. पुढे ५.० पासून अधिकृत बिल्डला एआरएमव्ही ८.२-ए प्रोसेसर लागतो. पाय ३ आणि पाय ४ त्यात बसत नाहीत, पाय ५ बसतो. जुन्या बोर्डवर नवं व्हर्जन टाकलं की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच म्हणून ते बंद पडतं. ४.४ मालिकेतली ४.४.१८ पर्यंतची व्हर्जन तिथे चालतात, पण त्या मालिकेचा सपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये संपला. म्हणजे आज पाय ३ वर बसवलेली सिस्टीम पुढच्या अपडेटला अडकू शकते, हे धरूनच चाला.

लाईट गेली तर?

रॅमपेक्षा मोठं नुकसान इथे होतं. मोंगोडीबी जर्नल ठेवतो, त्यामुळे प्रोग्राम मध्येच मारला गेला तरी तो सहसा सावरतो. पण लिहिणं चालू असताना वीज गेली तर एसडी कार्डच खराब होऊ शकतं. अ‍ॅक्सेस पॉइंट शेवटच्या सेटिंगवर चालू राहतात, वायफाय बंद पडत नाही. मात्र कंट्रोलरचा डेटा गेला आणि बॅकअप नसेल, तर सहसा प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट रीसेट करून नव्याने जोडावा लागतो. शिडी लावून, छताखाली, एकेक करत. म्हणून ऑटो बॅकअप चालू करा आणि त्याची फाइल बोर्डवर न ठेवता फोनमध्ये किंवा ड्राइव्हवर कॉपी करत जा. रीस्टोअर करताना कंट्रोलर त्याच किंवा नव्या व्हर्जनचा हवा, जुन्यावर ती फाइल चालत नाही.

मग घ्यायचं काय? ५१२ एमबीच्या पाय झीरो २ डब्ल्यूवर हा कंट्रोलर टाकू नका. जाहिराती अडवणारं पाय-होल त्यावर छान चालतं, बोर्ड त्या कामाला लावा. १ जीबीवर चार-पाच अ‍ॅक्सेस पॉइंट वरच्या बदलांसह निभतात. नवीनच घेत असाल तर २ जीबीच्या खाली जाऊ नका. आणि पाहुण्यांसाठीचं लॉगिन पेज किंवा रोजची आकडेवारी नको असेल, तर कंट्रोलर चोवीस तास चालू असायची गरजच नाही. लॅपटॉपवर टाका, सेटिंग बदलायची असेल तेव्हा उघडा आणि बंद करा.