वऱ्हाडचा भाषिक परिसर आणि सुरेश भटांची गझल

मराठी भावकवितेच्या इतिहासात सुरेश भट यांचे नाव सामान्यतः ‘गझल मराठीत आणणारे कवी’ या बिरुदाखाली नोंदविले जाते. हे बिरुद जितके सोयीचे तितकेच दिशाभूल करणारे आहे. गझलेच्या वळणाची रचना भटांपूर्वी सुमारे दोनशे वर्षे मराठीत आढळते. अठराव्या शतकातील अमृतराय व मोरोपंत यांच्या काही रचना या संदर्भात नेहमी दाखविल्या जातात. आणि माधव जूलियन यांचा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह तर १९३३ साली, म्हणजे भट अवघे एक वर्षाचे असताना, प्रसिद्ध झाला. तेव्हा भटांनी नेमके काय आणले, आणि ते अमरावतीसारख्या गावातून का यावे, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे तपासणे अगत्याचे आहे.

सुरेश श्रीधर भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावती येथे झाला. वडील डॉक्टर होते. मातोश्रींना कवितेची विशेष आवड होती. अडीच वर्षांच्या वयात झालेल्या पोलिओने त्यांचा उजवा पाय कायमचा अधू केला. त्यांचे शिक्षण अमरावतीस झाले आणि दोन अपयशांनंतर १९५५ साली ते बी. ए. झाले. चरित्राचे हे तपशील त्यांच्या अनेक परिचयांत करुणरसाच्या सुरात सांगितले जातात. शारीरिक व्यंगातून काव्याचा उगम शोधण्याची ही पद्धत कितपत ग्राह्य मानावी याविषयी शंका आहे. त्यांच्या कवितेचा उलगडा करावयाचा तर त्यांच्या पायापेक्षा त्यांच्या कानाकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

तो कान वऱ्हाडात घडला. या प्रांताचा राजकीय इतिहास मराठीच्या इतर प्रदेशांहून वेगळा आहे. १४९० पासून १५७४ पर्यंत येथे इमादशाहीची सत्ता होती आणि अचलपूर ही तिची राजधानी होती. पुढे मोगलांचा सुभा, १७२४ नंतर निजामाचा अंमल, १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे कारभार, १९०२ चा कायमचा पट्टा आणि लगेच मध्यप्रांताशी जोडणी, असा हा क्रम आहे. मराठी राज्यात भोसल्यांचा येथील महसुलात वाटा असला तरी पुण्याच्या दरबारी वळणाचा येथील बोलण्यावर फारसा ठसा उमटला नाही. अचलपूर, बाळापूर, अकोला, अमरावती या गावांत उर्दू ही परकी भाषा नव्हती. ती शेजारच्या मोहल्ल्याची भाषा होती. त्यात कापसाच्या व्यापाराने मारवाडी व गुजराती अडत्यांची भर घातली आणि १८६७ साली नागपुरास पोचलेल्या लोहमार्गाने या सर्वांना एका बाजारपेठेत आणून बसविले. वऱ्हाडी माणूस हिंदी बोलतो तेव्हा तो भाषांतर करीत नाही. तो नुसता कूस बदलतो.

पुण्यातील माधव जूलियन यांचा फारसीशी संबंध निराळ्या जातीचा होता. ते फारसीचे अध्यापक होते. त्यांचा फारसी-मराठी कोश १९२५ साली निघाला आणि ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. फारसी वृत्तांचे मराठी लगक्रमात रूपांतर करण्याचे त्यांचे कार्य पायाभूत आहे, आणि त्याचे ऋण भटांनाही नाकारता आले नसते. तथापि जूलियनांच्या हाती गझल हा मुख्यतः वृत्ताचा विषय राहिला. विशिष्ट फारसी वृत्तात लिहिलेली, एकच भाव अखेरपर्यंत चालविणारी प्रेमकविता म्हणजे ‘गज्जल’, असा समज त्यामुळे रूढ झाला. ग्रंथातून आलेल्या गझलेत वृत्त सुखरूप पोचले. शेराचे स्वातंत्र्य वाटेत राहून गेले.

भटांनी केलेला बदल नेमका येथे आहे. त्यांनी गझलेला वृत्तापासून वेगळे केले आणि तिची व्याख्या रचनेवर बसविली. पहिल्या शेराच्या, म्हणजे मतल्याच्या, दोन्ही ओळींत आणि पुढील प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया व रदीफ आलेच पाहिजेत. काफियातील न बदलणाऱ्या अक्षरांपूर्वीचा स्वर, म्हणजे अलामत, कायम राहिली पाहिजे. आणि प्रत्येक शेर ही स्वयंपूर्ण कविता असली पाहिजे. हे नियम त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ या छोट्या पुस्तिकेत मांडले. तिच्या नावातच तिची भूमिका आहे. पंडितांसाठी लिहिलेला तो प्रबंध नव्हे. नवशिक्याच्या हाती द्यावयाची ती पाटी आहे. साहित्यशास्त्राच्या किती ग्रंथांना असे वाचक लाभले असतील, हा प्रश्न विद्यापीठीय अभ्यासकांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे.

ही भूमिका एकाएकी सिद्ध झाली नाही. ‘रूपगंधा’ (१९६१) या पहिल्या संग्रहात गीताचे वळण प्रधान आहे. त्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आला आणि त्यात गझल स्वतःच्या पायावर उभी राहिलेली दिसते. ‘एल्गार’ (१९८३) हे नावही बोलके आहे: चढाई या अर्थाचा हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथे तो गझलसंग्रहाच्या माथ्यावर बसला. प्रेयसीशी हितगुज करणारा प्रकार आता समाजाला जाब विचारू लागला. डॉ. आंबेडकरांवरील ‘भीमवंदना’ त्यांनी लिहिली, तीही याच वृत्तीची खूण होय. ‘झंझावात’ (१९९४) व ‘सप्तरंग’ (२००२) हे नंतरचे संग्रह. मधल्या काळात हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतामुळे आणि ‘सिंहासन’ (१९७९) व ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांमुळे त्यांचे शब्द ज्यांनी कधी कवितासंग्रह उघडला नाही त्यांच्याही तोंडी गेले. कीर्तीचा हा मार्ग समीक्षेला रुचला नाही. गाण्यासाठी लिहिणारा कवी म्हणून त्यांना बाजूला ठेवण्याची प्रवृत्ती बराच काळ टिकून होती.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने भटांच्या गझलेतील सर्वांत लक्षणीय गोष्ट मात्र लघुगुरूंची शिस्त ही आहे. उर्दूत ‘मेरा’, ‘तेरा’, ‘को’, ‘से’ यांतील अंत्य दीर्घ स्वर गरजेनुसार लघु मानता येतो. त्या भाषेच्या उच्चारातच ती लवचीकता आहे. मराठीत ती नाही. ‘मी’, ‘तू’, ‘ही’ ही अक्षरे मराठी छंदात गुरूच राहतात. जुन्या पंडित कवींनी वृत्त साधण्यासाठी ऱ्हस्वदीर्घाची मोडतोड सर्रास केली. भटांनी ती सवलत टाळली. मराठीला मानवणारी सवलत मात्र त्यांनी पुरेपूर घेतली. ‘तुझ्या’, ‘उद्या’, ‘कुणाच्या’ यांसारख्या शब्दांत जोडाक्षराचा आघात मागील अक्षरावर होत नाही, म्हणून ‘तुझ्या’ हे लगा होते, तर ‘सत्य’ हे गाल होते. हा भेद लेखनावरून कळत नाही. तो उच्चारावरच ठरतो. ‘गालगागा’ चार वेळा घेणारी व्योमगंगा किंवा ‘लगागागा’ चार वेळा घेणारी वियद्गंगा ही फारसी रमल व हजज यांची मराठी रूपे होत. ती त्यांच्या हाती उसनी वाटत नाहीत, याचे कारण मराठीच्या उच्चारातील हा बारकावा त्यांनी कानाने ओळखला होता.

येथे एक विसंगती पुढे येते. ज्या प्रदेशाने हा कान घडविला त्या प्रदेशाची बोली भटांच्या गझलेत जवळजवळ नाही. त्यांची भाषा प्रमाण मराठी आहे, आणि ती मैफलीच्या अदबीने वावरते. वऱ्हाडी बोलीला काव्यात मानाचे स्थान देण्याचे काम अकोल्याच्या बाजूने झाले. अकोला जिल्ह्यातील विठ्ठल वाघ यांनी शेतकऱ्याच्या श्रमाची गीते वऱ्हाडीत लिहिली आणि ‘अरे संसार संसार’ (१९८१) या चित्रपटातील त्यांच्या गीताने ती बोली महाराष्ट्रभर पोचविली. अमरावती व अकोला यांच्यात जेमतेम शंभर किलोमीटरचे अंतर. परंतु एकाच मातीतून एका बाजूस उर्दूचे रचनाशास्त्र वर आले आणि दुसऱ्या बाजूस बोलीची शब्दकळा.

बोली गझलेच्या वृत्तात बसत नाही, असे याचे स्पष्टीकरण सहज सुचण्याजोगे आहे. ते तपासणीत टिकत नाही. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘काळा’चे ‘काया’ होते, ‘डोळा’चे ‘डोया’ होते. दोन्ही रूपे गागाच. ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘तुला’ ऐवजी ‘तुले’ आले तरी लगक्रम तोच राहतो. वृत्ताला बोलीची अडचण नाही. अडचण काफियात आहे. प्रमाण मराठीत ‘मला’ हा शब्द ‘कला’, ‘चला’, ‘भला’ यांच्याबरोबर एका साखळीत बसतो. वऱ्हाडीत ‘चला’ तसाच राहतो, पण ‘मला’ निघून ‘मले’ होतो आणि ‘भले’च्या पंगतीला जातो. म्हणजे विभक्तिप्रत्यय बदलताच यमकांची सारी कुटुंबे मोडतात व नव्याने जुळवावी लागतात. ज्या कवीने आयुष्यभर प्रमाण भाषेतील काफियांचा साठा जमविला त्याने तो टाकून द्यावा, ही अपेक्षा अवास्तव होय. शिवाय भटांना ज्यांना जिंकावयाचे होते ते मुंबई-पुण्याचे रसिक आणि समीक्षक होते, हेही विसरून चालणार नाही. परका समजला जाणारा काव्यप्रकार आणि ग्राम्य समजली जाणारी बोली या दोन्हींची वकिली एकाच वेळी करणे कोणालाही जड गेले असते.

वऱ्हाडातच याला एक वेगळे उदाहरण आहे. यवतमाळचे वकील भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यांची शायरी गझलेच्या तांत्रिक कसोटीला उतरत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. पण उर्दू शायरीची फेक, मिस्किली आणि श्रोत्याला दुसऱ्या ओळीपर्यंत ताटकळत ठेवण्याची हातोटी त्यांनी मराठीत भटांच्या आधीच्या पिढीत मुरविली होती. दोघांतील नाते गुरुशिष्याचे नव्हे, शेजाराचे आहे, आणि शेजार मोजल्याशिवाय वऱ्हाडातील गझलेचा इतिहास पुरा होत नाही.

भटांचे निधन १४ मार्च २००३ रोजी नागपूर येथे झाले. त्यांची बाराखडी गिरविणाऱ्यांत पुढे वऱ्हाडचाच भरणा मोठा दिसतो: अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे भीमराव पांचाळे यांनी गझलगायनाला वाहून घेतले, तर अकोल्याचे श्रीकृष्ण राऊत यांनी गझल लिहिली आणि तिच्याविषयी सातत्याने विवेचनही केले. नियमांची ती पाटी आता गावोगावच्या कार्यशाळांत फिरते. वऱ्हाडीतील काफियांची स्वतंत्र सूची करणे हे बोलीभाषेच्या अभ्यासकाला हाती घेण्याजोगे काम आहे. ‘मले’पासून तिचा आरंभ करता येईल.