मोबाइलवर रेषीय आलेख: टी-शर्ट कुठे छापायचे?

दहावीच्या गणित भाग १ मधला पहिलाच धडा, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे', मंडळाच्या वर्गणीचे पैसे वाचवतो. मी उल्हासनगर कॅम्प नं. ३ चा. इथे टी-शर्ट छापायचे म्हटलं की मी आधी आलेख काढतो. सोपे आकडे धरू. डिजिटल प्रिंट नगाला १०० रुपये. स्क्रीन प्रिंटला स्क्रीन बनवायचे एकदाच ६००, मग नगाला ४०.

देसमॉस हे फुकट अ‍ॅप उघडा आणि इंग्रजी अक्षरांत दोन ओळी टाका: वाय = १००एक्स आणि वाय = ६०० + ४०एक्स. एक्स म्हणजे नग, वाय म्हणजे एकूण खर्च.

आता दुसरी रेघ दिसतच नाही! समीकरण बरोबरच आहे. पण फोनवर सुरुवातीला अक्ष साधारण १० पर्यंतच दिसतात आणि ही रेघ वाय-अक्षाला थेट ६०० वर छेदते. पान्याच्या चिन्हात जाऊन एक्स ० ते ३०, वाय ० ते ३००० करा.

रेघा (१०, १०००) ला छेदतात. म्हणजे दहा नगांना दोन्हीकडे हजारच. सहाच हवेत? डिजिटल ६००, स्क्रीन ८४०. पंचवीस असतील तर डिजिटल २५०० आणि स्क्रीन १६००. कारण १०० चा चढ ४० पेक्षा खडा आहे.

डिझाइन दोन रंगांचं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. नगाचा दर तोच धरून ६०० च्या जागी १२०० टाका, छेदनबिंदू २० नगांवर सरकतो.