कुष्ठरोग्यांचे पुनर्वसन : माटुंग्यापासून मांडव्यापर्यंत

मुंबई बंदराच्या पश्चिमेस माटुंगा-वडाळ्याचा भाग आणि पूर्व-दक्षिणेस पनवेल, उरण, रेवस, मांडवा ही गावे, यांच्यामध्ये खाडीचे पाणी आहे. अंतर म्हणाल तर लाँचने तास-दीड तासाचे. परंतु कुष्ठरोगाने अपंग झालेल्या माणसाविषयीचा विचार या पाण्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर येण्यास सुमारे आठ दशके लागली. पहिल्या काठावर त्याला वस्तीपासून तोडून सुरक्षित ठेवण्याची योजना झाली. दुसऱ्या काठावर तो आपल्याच घरात, आपल्याच शेतावर कसा टिकेल, हा प्रश्न विचारला गेला. या दोन प्रश्नांमधील प्रवासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इ. स. 1890 मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी माटुंगा येथे बेघर महारोग्यांसाठी आश्रयगृह स्थापिले. मराठी वाचकाला हे नाव निराळ्याच कारणाने परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्याने मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये ते प्रसिद्ध करणारे ॲक्वर्थ ते हेच. खेडोपाडीच्या गोंधळ्यांच्या तोंडून शिवकालाचे पोवाडे उतरवून घेणारा अधिकारी आणि रस्त्यावरील रोग्यांना शहराबाहेर नेणारा अधिकारी एकच असावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. दोन्ही कामांत जे विखुरले आहे ते एका जागी आणण्याची वृत्ती दिसते. पोवाड्यांना त्याचा लाभ झाला हे निर्विवाद होय. माणसांच्या बाबतीत उत्तर इतके सरळ नाही.

आश्रयगृहात अन्न, वस्त्र, औषधोपचार मिळे, आणि त्या काळी रस्त्यावर मरणाऱ्या माणसाला हे थोडे नव्हते. तथापि या दयेला लवकरच कायद्याची जोड मिळाली. 1889 मध्ये मोलोकाई बेटावर फादर डेमियन यांचा या रोगाने मृत्यू झाल्यावर इंग्लंडात भीतीची लाट उसळली आणि 1890-91 मध्ये एक आयोग हिंदुस्थानात पाठविण्यात आला. रोगाचा संसर्ग फार अल्प प्रमाणात होतो, सक्तीचे विलगीकरण समर्थनीय नाही, असाच त्या आयोगाचा निष्कर्ष होता. असे असूनही 1898 चा महारोग्यांचा कायदा झाला. भीक मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे साधन नसलेल्या रोग्याला वॉरंटावाचून पकडून आश्रयगृहात धाडण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. सार्वजनिक विहिरीचे पाणी भरणे, खाद्यपदार्थ तयार करून विकणे यांसारख्या गोष्टींना मनाई करण्याचीही त्यात तरतूद होती. श्रीमंत रोगी आपल्या माडीवर निर्वेध राहू शके. कायदा वस्तुतः रोगाविरुद्ध नव्हता, दारिद्र्याविरुद्ध होता.

या कायद्यातील एका व्याख्येकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मूळ कलमाप्रमाणे ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत तोच 'महारोगी' समजावयाचा होता. 1920 च्या दुरुस्तीने ही अट गेली. पण दोन दशकांहून अधिक काळ माणसाचे स्वातंत्र्य त्याच्या तळपायाच्या जखमेवर अवलंबून होते. ही जखम रोगाची अटळ परिणती मानली जाई. बोटे 'झडतात', हा वाक्प्रचार त्याच समजुतीचा. कोकणात रोगाला रक्तपिती म्हणत, आणि रक्त बिघडले की अंग सडावयाचेच, असे त्या नावातच गृहीत होते.

ही समजूत खोटी ठरविण्याचे काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. तमिळनाडूच्या डोंगराळ भागात 1914 साली जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड 1946 पासून तेथे होते. रोगजंतू हाताच्या मांसाला खात नाहीत. ते मज्जातंतूंना इजा करतात, त्यामुळे काही स्नायू लुळे पडून बोटे पंज्यासारखी वाकतात आणि कातडी बधिर होते, एवढेच रोगाचे काम, असे त्यांना आढळले. उरलेले काम रोगी स्वतःच्या नकळत करतो. वेदना नसल्यामुळे तो तापलेले भांडे सोडीत नाही, पायात रुतलेला खिळा घेऊन मैलभर चालतो, गंजलेले कुलूप उघडताना किल्लीने बोट कापले तरी त्याला पत्ता लागत नाही. झोपेत उंदरांनी बोटे कुरतडल्याचेही प्रकार वेल्लोरला उघडकीस आले, आणि रोग्यांनी मांजरे पाळावीत अशी व्यवस्था तेथे करावी लागली. 1948 च्या सुमारास ब्रँड यांनी चांगल्या स्नायूचा कंडरा लुळ्या बोटांस जोडण्याची शस्त्रक्रिया या रोग्यांवर आरंभिली.

या शोधाचा अर्थ कोकणच्या जीवनक्रमाशी ताडून पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येते. खारेपाटातील शेतकऱ्याचे वर्ष बधिर पायाला अत्यंत प्रतिकूल असते. उन्हाळ्यात राब भाजताना तापलेली राख, आषाढात गुडघाभर चिखलात भाताची लावणी, त्या चिखलात दडलेले शिंपले, काटे आणि काचा. पेण-उरणकडच्या मिठागरांत कातडीला भेगा पाडणारे खारे पाणी. कोळ्याच्या हातून सरसरत जाणारा जाळ्याचा दोर. स्त्रीचा शत्रू तर घरातच असतो. चुलीवरचे भांडे ती पदराने उचलते, पदर सुटला तर हातानेच उचलते. बोट भाजल्याचे तिला वासावरून कळते. अशा घरात 'स्वावलंबन' या शब्दाचा अर्थ मोठा नसतो. भांड्याला लाकडी मूठ, विळ्याच्या दांड्याला जाड चिंधी, रोज सायंकाळी पाय पाण्यात भिजवून कडक कातडी घासणे, वर तेल लावणे आणि तळवा डोळ्यांनी तपासणे. कारण जे स्पर्शाला कळत नाही ते पाहूनच कळावयाचे. याच्या जोडीला वेल्लोरला सच्छिद्र मऊ रबराच्या तळाची चप्पल तयार झाली. ती दाब पसरवते, व्रण टाळते. 1898 च्या कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर ही चप्पल पायात असती तर कित्येक माणसे 'महारोगी' ठरलीच नसती.

दरम्यान औषधही हाती आले होते. अमेरिकेतील कारव्हिल येथे 1941 मध्ये सल्फोन वर्गातील औषधाचा गुण दिसला, आणि त्याच वर्गातील डॅप्सोन ही स्वस्त गोळी चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील रुग्णालयांत पोहोचली. रोग बरा होऊ लागला. परंतु बरा झालेला माणूस जावा कोठे, हा प्रश्न औषधाने सुटला नाही. वाकडी बोटे पाहून गाव त्याला रोगीच मानी.

महाराष्ट्रात या प्रश्नाला पहिले उत्तर मिळाले ते वसाहतीच्या रूपाने. 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले होते. परचुरेशास्त्री या संस्कृत पंडिताची सेवाग्रामात महात्मा गांधींनी स्वहस्ते केलेली शुश्रूषा सर्वश्रुत आहे. पुढे अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन झाले, वरोड्यास बाबा आमट्यांचे आनंदवन झाले. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे 1981 पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यात, पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीने 1951 मध्ये शांतिवन उभारले. गाढी नदीच्या परिसरातील ही वसाहत माटुंग्याच्या आश्रयगृहापेक्षा एका मूलभूत गोष्टीत भिन्न होती. येथे पोलीस कोणाला आणून सोडीत नव्हते, आणि येणारा माणूस केवळ खाणारा नसून श्रम करणारा मानला जाई.

वसाहतींनी जे केले त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. बोटे गेलेला माणूस कुदळ धरू शकतो, हे भाषणाने पटत नाही. त्याने पिकविलेले पाहून पटते. परंतु वसाहतीतील स्वावलंबन हे कुंपणाच्या आतले असते, हेही मान्य केले पाहिजे. तेथे वाकड्या बोटांकडे कोणी वळून पाहत नाही, कारण सगळ्यांचीच बोटे वाकडी असतात. कुंपणाबाहेरच्या एस. टी. त, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत तेच स्वावलंबन टिकते की नाही, याची परीक्षा वसाहतीत होऊच शकत नाही.

त्याच सुमारास वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने निराळी दिशा घेतली. डॉ. र. वि. वारदेकर यांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार अशी त्रिसूत्री आखली. रोगी संस्थेकडे येण्याऐवजी संस्थाच रोग्याकडे गेली. 1955 च्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमात हीच पद्धत पुढे रूढ झाली.

रायगडच्या किनाऱ्यावर या विचाराला जे वळण मिळाले ते एका शल्यचिकित्सकामुळे. डॉ. नोशीर अंटिया यांनी इंग्लंडात प्लास्टिक शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले, आणि परतल्यावर पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात विरूप चेहरे व हात दुरुस्त करण्यास प्रारंभ केला. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विभाग उभारल्यावर त्यांनी कुष्ठरोग्यांना इतर रोग्यांच्या शेजारची खाट देण्याचा आग्रह धरला. हा आग्रह शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा होता. पण मोठ्या शहरातला निष्णात शल्यचिकित्सक किती हात सरळ करणार? हात वाकडा होण्यापूर्वी चट्टा ओळखला, बधिरपणा वेळेवर कळला, तर शस्त्रक्रियेचे कारणच उरत नाही. आणि चट्टा ओळखण्यास पदवी लागत नाही. घरात सहज वावरू शकणारी, विश्वासातली व्यक्ती लागते.

या विचारातून सत्तरीच्या दशकात अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकास, मांडवा-रेवस परिसरातील सुमारे 30 गावांत एक प्रयोग झाला. 1975 मध्ये अंटिया यांनी स्थापिलेली सामाजिक आरोग्य संशोधन संस्था त्याच्यामागे होती. त्याच दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे हेही समांतर वाटेने चालले होते. मांडव्यात गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना अर्धवेळ आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. क्षय आणि कुष्ठ हे दोन्ही रोग ओळखून, रोग्याला दीर्घकाळ औषध घ्यावयास लावण्याचे काम या स्त्रिया चांगल्या रीतीने करू शकतात, हे तेथे सिद्ध झाले. परका पुरुष कर्मचारी शेजारणीची पाठ पाहू शकत नाही. या बायका बोलता बोलता पाहत. रोगी गावाबाहेर गेलाच नाही, त्यामुळे त्याचे 'पुनः वसन' करण्याचा प्रसंगही आला नाही.

हा प्रयोग ऐंशीच्या दशकात बंद पडला. त्याचे कारण वैद्यकीय नव्हते. गावच्या बाईला ज्ञान आणि औषध दोन्ही मिळाल्यावर स्थानिक पुढारी आणि शासकीय आरोग्ययंत्रणा यांच्याशी तिचे, आणि पर्यायाने प्रकल्पाचे, खटके उडाले. संस्थेने पुढे आपले काम पुणे जिल्ह्यात परिंचे येथे नेले. आपले अपयश अंटिया यांनी झाकून ठेवले नाही, ते लिहून प्रसिद्ध केले. संशोधनाच्या क्षेत्रात हे वारंवार घडत नाही. 2005 पासून 'आशा' कार्यकर्ती नेमल्या जाऊ लागल्या, आणि संशयित कुष्ठरुग्ण शोधणे हे त्यांच्या कामांत आले, तेव्हा मांडव्यातील कल्पना सरकारी वेषात परत आली असे म्हणता येईल. मात्र मांडव्यातील बाईला गावापुढे उत्तर द्यावे लागे. आशेला वरच्या कार्यालयापुढे द्यावे लागते.

औषधशास्त्राने यानंतर मोठी मजल मारली. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, 1983 पासून तो भारतात सुरू झाला. आता सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी रोग जातो. 2005 च्या अखेरीस दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी, ही मर्यादा देशाने गाठली. 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांच्या कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग वैयक्तिक कायद्यांतून वगळला गेला तो 2019 मध्ये.

परंतु गोळ्यांनी जंतू मरतात, मेलेला मज्जातंतू परत येत नाही. रोगमुक्त झालेल्या माणसाचे नाव उपचाराधीन रोग्यांच्या यादीतून निघते, त्याचा तळपाय मात्र जन्मभर बधिर राहतो. मऊ रबराचा तळ रोजच्या वापराने दबून कठीण होतो, आणि खारेपाटाच्या चिखलात तर त्याहूनही लवकर. मग नवी जोडी लागते, आणि ती कोणी, कोठून, किती दिवसांनी द्यावयाची, हा प्रश्न त्या माणसाच्या दाराशी दर वर्षी पुन्हा येतो.