डोक्यावरून जाणारा रस्ता

फ्लॉरेन्स म्हटलं की मेडिची घराणं, आणि मेडिची म्हटलं की मायकेलअँजेलो वगैरे. मला मात्र त्यांच्या वास्तूंमध्ये सगळ्यात आवडतो तो व्हसारीचा कॉरिडॉर. ड्यूक कोसिमोने तो १५६५ मध्ये मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने बांधून घेतला. पलाझ्झो व्हेक्यो हे ऑफिस, नदीपलीकडचा पित्ती राजवाडा हे घर, आणि मधे लोकांच्या डोक्यावरून जाणारी ही बंद वाट. व्हसारीने काम संपवलं अवघ्या पाच महिन्यांत! (आमच्या मॅनेजरला कुणी सांगू नका.)

एवढा खटाटोप कशासाठी? मला तरी यात भीतीच दिसते. आधीच्या ड्यूकचा, अलेस्सांद्रोचा, १५३७ मध्ये नात्यातल्याच माणसाने खून केला होता, आणि कोसिमो सतराव्या वर्षी गादीवर आला तो त्यामुळेच. वाटेत सांता फेलिचिता चर्च लागतं, तिथेही वरच्या सज्जातूनच प्रार्थना ऐकायची, खाली लोकांत उतरायचं नाही.

पोंते व्हेक्यो पुलावर तेव्हा खाटकांची दुकानं होती. दुर्गंधी नको म्हणून कोसिमोच्या मुलाने, फर्डिनांडने, १५९३ मध्ये त्यांना हटवून तिथे सोनार बसवले. खाटकांचं कोण ऐकतंय! पण पुलाच्या टोकाला मनेल्ली कुटुंबाचा बुरूज होता, आणि त्यांनी तो पाडू द्यायला साफ नकार दिला. कॉरिडॉर आजही त्या बुरुजाला वळसा घालून जातो.